स्टँडर्ड हेराल्ड: पुढचं सस्पेन्शन नव्याने जोडलं, तरी खडखड आणि जड स्टिअरिंग परत का येतं?

हेराल्डवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. पुढचं सस्पेन्शन घरी पूर्ण खोललं, बुश (सांध्यातली रबरी किंवा नायलॉनची अस्तरं) नवे टाकले, ट्रनियन (चाकाच्या उभ्या दांड्याखालचे पितळी सांधे) नवे टाकले, सगळं घासूनपुसून, रंग मारून परत बसवलं. सुरुवातीला गाडी झकास चालली. एक पावसाळा सरला आणि पुन्हा तेच. खड्ड्यात चाक गेलं की टक्क आवाज, स्टिअरिंग जड, वळण संपलं तरी चाकं आपणहून सरळ होत नाहीत, आणि खाली वाकून पाहिलं तर बुशचं रबर फाटून बाहेर आलेलं. मग सगळ्यांचा निष्कर्ष एकच: हल्लीचे पार्ट भिकार आहेत.

पार्ट कधीकधी खरंच भिकार असतात, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण बहुतेक गाड्यांत दोष पार्टचा नसतो. रबरी बुशचे बोल्ट कोणत्या वेळी आवळले आणि ट्रनियनमध्ये काय भरलं, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी शोधा. तिथे गडबड असेल तर इंग्लंडहून मागवलेले महागडे पार्टही तितक्याच लवकर जातील.

मी इथे हेराल्डबद्दलच लिहितो आहे, म्हणजे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवलेली, ९४८ सीसी इंजिनाची गाडी. मूळची ही ब्रिटनमधली १९५९ ची ट्रायम्फ हेराल्ड, इटालियन डिझायनर मिकेलोत्तीने डिझाइन केलेली. ट्रायम्फने हीच पुढच्या सस्पेन्शनची रचना नंतर आपल्या स्पिटफायर आणि व्हिटेस या गाड्यांना वापरली, आणि लोटसने तर तिचा व्हर्टिकल लिंक (चाक धरणारा उभा दांडा) आपल्या एलान गाडीला घेतला. म्हणून या सस्पेन्शनबद्दल जगभर भरपूर अनुभव साठलेला आहे आणि पार्टही अजून मिळतात. अॅम्बॅसॅडरची पुढची बाजू टॉर्शन बारवर, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या दांड्यावर असते, तिला यातलं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही.

घरी काम करायला हेराल्डसारखी गाडी नाही. मडगार्डसकट अख्खं बॉनेट पुढे उघडतं आणि दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन डोळ्यांसमोर येतं. चाकावर बसून काम करता येतं.

आधी वजन कुठून कुठे जातं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. चासीला वर एक आणि खाली एक असे दोन विशबोन, म्हणजे वरखाली होणारे आडवे फाटेदार दांडे, प्रत्येक बाजूला आहेत. त्यांच्यामध्ये उभा व्हर्टिकल लिंक. त्याच्या वरच्या टोकाला बॉल जॉइंट, खालच्या टोकाला आटे पाडलेले, आणि ते आटे पितळी ट्रनियनमध्ये फिरतात. स्प्रिंग आणि तिच्या आतला शॉकअॅब्सॉर्बर खालच्या विशबोनवर टेकतात. म्हणजे त्या कोपऱ्यातलं गाडीचं वजन खालच्या विशबोनमधून ट्रनियनमध्ये, तिथून आट्यांवर आणि मग चाकावर येतं. वरचा बॉल जॉइंट फक्त चाक उभं धरून ठेवतो. वजन पेलतात ते ट्रनियनचे आटे, आणि स्टिअरिंग फिरवलं की वजनाखालीच ते एकमेकांवर घासतात. त्यात हेराल्डची चाकं इतकी वळतात की गाडी २५ फुटांच्या वर्तुळात फिरते. कुठल्याही बोळात एका झटक्यात वळणारी गाडी म्हणून आपण हिचं कौतुक करतो, पण त्या वळण्याची सगळी झीज या आट्यांवर पडते.

आता ट्रनियनमध्ये काय भरायचं ते. ट्रायम्फच्या दुरुस्तीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे की इथे हायपॉइड गिअर ऑइल भरायचं, म्हणजे आपलं ईपी ९० ग्रेडचं. ग्रीस नाही. आपल्याकडे गोची अशी होते की तिथे बसणारा निपल दिसायला ग्रीस निपलच असतो. गाडी सर्व्हिसिंगला दिली की पोऱ्या ग्रीसगन घेऊन खाली शिरतो आणि दिसेल त्या निपलमध्ये ग्रीस मारतो. अॅम्बॅसॅडर आणि फियाटवर आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यात काही चुकीचं वाटायचं कारणच नाही.

ग्रीस भरलेला ट्रनियन खोलून पाहिलात तर लगेच कळतं. निपलच्या आसपास ग्रीसचा काळा, घट्ट गोळा असतो. त्याच्या वरचे चार-पाच आटे कोरडे, आणि त्या कोरड्या भागात तांबूस भुकटी. ती भुकटी म्हणजे व्हर्टिकल लिंकचा गंज, आणि त्यात बारीक पितळी चकाकीही दिसते. ग्रीस आट्यांच्या फटीतून वर चढतच नाही. जिथे भरलं तिथेच बसतं आणि सुकतं. तेल मात्र आट्याआट्यातून वर सरकतं. पावसाचं पाणी वरच्या रबरी सीलमधून आत येतं आणि नेमकं त्या कोरड्या भागात थांबतं. लिंक पोलादी आहे, त्यामुळे आट्यांच्या खाचेत गंजाचा खड्डा पडतो, तिथून बारीक चीर जाते, आणि एक दिवस लिंक ट्रनियनच्या तोंडाशीच तुटतो. चाक आडवं होऊन मडगार्डखाली दुमडतं. बहुतेक वेळा हे गाडी पार्क करताना, पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर होतं, म्हणून माणसं वाचतात. पण महामार्गावर होणारच नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून मी या एका बाबतीत कुठलीही तडजोड मानत नाही. आटे खडबडीत झालेला, गंजाने खड्डे पडलेला व्हर्टिकल लिंक एमरी पेपरने घासून परत वापरू नका. तो भंगारात द्या.

लिंक तपासायला फार काही लागत नाही. रॉकेल आणि तारेच्या ब्रशने आटे अगदी स्वच्छ करा, सुकवा, आणि उन्हात धरून सगळ्यात वरच्या दोन-तीन आट्यांची खाच भिंगातून बघा. नख फिरवून अडकतं का ते बघा. शंका वाटली तर क्रॅक तपासायचा डाय-पेनिट्रंट स्प्रे मिळतो, लाल आणि पांढरा असा दोन डब्यांचा. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा.

नवा ट्रनियन बसवण्यापूर्वी त्याचीही एक परीक्षा घ्या. तो उभा ठेवून तेलाने भरा आणि रात्रभर कोऱ्या कागदावर राहू द्या. त्याचा तळ बंद असायला हवा. सकाळी कागदावर तेलाचा डाग असेल तर तळाची चकती गळते आहे, आणि असा ट्रनियन गाडीवर कोरडाच राहणार.

दोन्ही बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट असतात. त्यामुळे डावं-उजवं सामान पहिल्यापासून वेगळ्या डब्यांत ठेवा. ट्रनियन हाताने सहज चढायला हवा. पाना लावून जबरदस्ती करावी लागत असेल तर बाजू चुकली आहे किंवा आटे खराब आहेत. बसवताना ट्रनियन तेल लावून शेवटपर्यंत फिरवा आणि मग थोडा परत सोडा, जास्तीत जास्त एक फेरा, जेणेकरून बोल्टचं भोक विशबोनशी जुळेल. हे उलटं सोडणं राहून गेलं की एका बाजूला पूर्ण वळवताना आटे तळाला जाऊन अडकतात. स्टिअरिंग एकाच दिशेला जड लागतं, शेवटी शेवटी तर दगडासारखं, आणि लोक बिचाऱ्या स्टिअरिंग रॅकला दोष देऊन तो खोलून बसतात. म्हणून टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा) जोडण्यापूर्वी लिंक हाताने दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. तेव्हा पाच मिनिटांत कळेल ते नंतर शोधायला अर्धा दिवस जातो.

खालचा ट्रनियन बोल्ट हा घरच्या कामातला सगळ्यात चिवट भाग. तो आतल्या पोलादी स्लीव्हमध्ये गंजून एकजीव होतो. डब्ल्यूडी-४० मारून वाट बघण्यात वेळ घालवू नका. दोन्ही बाजूंनी हॅकसॉच्या पात्याने कापा आणि नवा बोल्ट, नवी स्लीव्ह, नवे नायलॉन बुश टाका. परत बसवताना बोल्टला कॉपर ग्रीस चोपडून लावा, म्हणजे पुढच्या वेळी ही वेळ येणार नाही. शॉकअॅब्सॉर्बरच्या खालच्या बोल्टलाही तेच.

इथे नायलॉन बुश आणि रबरी बुश यांतला फरक लक्षात घ्यायला हवा, कारण सगळा घोळ त्यातूनच होतो. ट्रनियनमधले नायलॉन बुश स्लीव्हवर मोकळे फिरतात. बोल्ट आवळला की स्लीव्ह पकडली जाते आणि बुश तिच्यावर सरकतो. त्यामुळे हा बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळला तरी बिघडत नाही. विशबोनच्या चासीकडच्या टोकांना जे रबरी बुश आहेत त्यांची गोष्ट वेगळी. तिथे काहीच सरकत नाही. आतली पोलादी नळी बोल्टने चासीच्या ब्रॅकेटशी घट्ट होते, बाहेरचा भाग विशबोनमध्ये घट्ट असतो, आणि विशबोन वरखाली होताना मधलं रबर नुसतं पिळतं.

आता गाडी घोडीवर (जॅकने उचलल्यावर खाली ठेवायच्या लोखंडी स्टँडवर) आहे, चाकं हवेत, विशबोन खाली लोंबकळतायत, आणि तुम्ही त्या अवस्थेत चारी बोल्ट गच्च आवळलेत. रबराची विश्रांतीची जागा तीच ठरली. गाडी खाली उतरवलीत, वजन आलं, विशबोन वर गेले, रबर पिळलं, आणि गाडी नुसती उभी असतानाही ते तसंच पिळलेलं राहिलं. त्यात मोठा खड्डा आला की पीळ आणखी वाढतो. काही महिन्यांत रबर नळीपासून सुटतं किंवा फाटतं. नवे बुश टाकताना पुन्हा तीच पद्धत, म्हणून पुन्हा तोच परिणाम. ट्रायम्फचं पुस्तक म्हणूनच सांगतं की हे बोल्ट अखेरचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना आणि पुढच्या दोन्ही सीटवर प्रत्येकी १५० पौंड, म्हणजे ६८ किलो वजन ठेवून.

चुकीचं आवळलं गेलंय का हे ओळखायची एक खूण आहे. काम झाल्यावर गाडीचं नाक वर राहतं आणि लोक म्हणतात, नवी स्प्रिंग आहे, बसेल हळूहळू. स्प्रिंग बसते थोडी, नाही असं नाही. पण गाडी जमिनीवर उभी असताना विशबोनचे आतले बोल्ट अर्धा फेरा सैल करून बघा. गाडी त्या क्षणी खाली बसली, तर स्प्रिंगचा संबंध नव्हता. पिळलेल्या रबराने गाडी उचलून धरली होती.

घरी हे कसं करायचं? सगळं जोडताना हे बोल्ट फक्त हाताने बसवा, नट टेकेपर्यंत. बाकी सगळं रीतसर आवळून घ्या, चाकं लावा, गाडी खाली उतरवा. मग गाडी दोन-तीन मीटर पुढेमागे ढकला. हे टाळू नका. जॅकवरून उतरताना चाकं आत ओढलेली असतात आणि टायर जमिनीला चिकटून सस्पेन्शन पूर्ण बसू देत नाही. ढकलून झालं की पुढचा भाग दोन्ही हातांनी दाबून हलवा, दोन माणसं सीटवर बसवा, आणि मग आवळा. वरच्या विशबोनचे बोल्ट बॉनेट उघडून सहज हाती लागतात. खालच्यांसाठी जागा पुरत नसेल तर चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या जाड लाकडी फळ्या द्या, किंवा पुढची चाकं रॅम्पवर चढवा. सिमेंटचे पोकळ ब्लॉक कधीही नाहीत. ते इशारा न देता फुटतात. रॅम्प नसेल तर घोडीवरच खालच्या विशबोनच्या बाहेरच्या टोकाला जॅक लावून इतका उचला की चासी घोडीवरून जेमतेम सुटायला लागेल. त्या स्थितीत स्प्रिंगवर त्या कोपऱ्याचं वजन आलेलं असतं. ही पद्धत दुय्यम आहे, पण चालते. गाडीखाली शिरणार असाल तर दुसरी घोडी आणि मागच्या चाकांना ठोकळ्यांची अडण लावल्याशिवाय नको.

घोडी ठेवताना चासीच्या मधल्या मुख्य रेल्सखाली ठेवा. बाजूला निघालेले आउटरिगर वरून धडधाकट दिसतात, पण आतून गंजून पातळ झालेले असतात.

स्प्रिंगबद्दल एकच इशारा, आणि तो जिवाचा आहे. स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर गाडीवरून एकत्रच निघतात: वरचे तीन नट आणि खालचा एक बोल्ट. त्या तीन नटांच्या मध्ये शॉकअॅब्सॉर्बरच्या दांड्याचा नट दिसतो. गाडीवर असताना त्याला हात लावायचा नाही. तोच नट दाबलेली स्प्रिंग धरून असतो. तो बेंचवर, चांगल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग आवळून धरल्यावरच सोडायचा. कॉम्प्रेसर नसेल तर आख्खं युनिट ओळखीच्या गॅरेजमध्ये न्या; यात घरगुती जुगाड करू नये.

आता समजा काम झालंय आणि आवाज येतोच आहे. तर शोध कसा घ्यायचा?

पुढचं चाक उचला, वर-खाली असं पकडून हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा. राहिला तर ट्रनियन, त्याचे नायलॉन बुश किंवा वरचा बॉल जॉइंट. बोट लावून बघा कोणत्या सांध्यात हालचाल आहे. बेअरिंग टेपर रोलरची आहेत आणि त्यांना थोडा खेळ हवाच. हब फिरवत नट हलक्या हाताने, साधारण ५ फूट-पौंडाला आवळायचा, मग षटकोनाची एक बाजू मागे सोडायचा आणि नवी स्प्लिट पिन. जुनी पिन परत नाही. बेअरिंग गच्च आवळून चाकातला खेळ घालवलात तर चाक छान घट्ट वाटेल, आणि बेअरिंग तापून जाईल.

चाक डावी-उजवीकडे पकडून हलवल्यावरच खेळ येत असेल तर टाय रॉड एंड आणि रॅक. रॅक चासीला जिथे रबरावर धरलेला आहे, ते रबर तेलाने फुगलेलं असलं की सगळा रॅकच इकडेतिकडे सरकतो. हेराल्डमध्ये आवाजाचं हे कारण मी कितीतरी गाड्यांत पाहिलं आहे, आणि तिकडे कोणी बघतच नाही.

स्टिअरिंग जड असेल तर टाय रॉड दोन्ही बाजूंनी सोडवा आणि प्रत्येक चाक हाताने फिरवा. जे जड फिरतं त्या बाजूचा ट्रनियन किंवा बॉल जॉइंट बघा. दोन्ही हलकी फिरली तर मग रॅककडे वळा. वाटेल त्या क्रमाने पार्ट बदलत जाण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

गाडी एका बाजूला ओढत असेल आणि दोन चाकं वेगवेगळी कललेली दिसत असतील, तर खालच्या विशबोनच्या ब्रॅकेट आणि चासीमधले शिम आठवा. खोलताना त्या पातळ पत्र्या खाली पडतात, आणि परत बसवताना अंदाजाने वाटल्या जातात. दोन्ही ब्रॅकेटमागे सारख्या शिम वाढवल्या की विशबोन बाहेर सरकतो आणि चाकाचा तळ बाहेर येतो. पुढे-मागे वेगळ्या घातल्या तर कॅस्टर, म्हणजे व्हर्टिकल लिंकचा पुढे-मागे कल, बदलतो, आणि मग स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. म्हणून कुठल्या ब्रॅकेटमागे किती शिम होत्या ते खोलतानाच खडूने चासीवर लिहून फोटो काढून ठेवा.

पार्टबद्दल कबूल केल्याप्रमाणे. नव्याने बनणाऱ्या नायलॉन बुशची भोकं कधी अरुंद असतात, स्लीव्ह हातोडीने ठोकावी लागते. ठोकू नका. गोल रॉडला एमरी पेपर गुंडाळून भोक थोडं थोडं वाढवा, स्लीव्ह बोटाने ढकलून जाईल इतकंच. स्लीव्हची लांबीही बघा: ती बुश आणि वॉशरपेक्षा किंचित जास्त हवी, नाहीतर बोल्ट आवळला की सगळा सांधा जाम होतो. रबरी बुश विकत घेताना नखाने दाबून बघा; प्लॅस्टिकसारखं कडक रबर घेऊ नका. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला आणि ही गाडी जिथली, त्या चेन्नईच्या पुदुपेटला जुना मूळ माल अजून अधूनमधून सापडतो. जुना ट्रनियन बॉडी म्हणून चांगला असतो, पण वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर, मूळ पाकिटातलं असलं तरी, घेऊ नये.

तेल भरताना चाकं हवेत हवीत. ट्रनियनचा प्लग काढून निपल लावा, ऑइल गनने ईपी ९० भरत राहा, मध्येमध्ये स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, आणि वरच्या सीलजवळून तेल डोकावेपर्यंत थांबू नका. आपल्या हवेत मी पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा हे करा असं सांगेन. दुसऱ्या वेळी आत शिरलेलं पाणी बाहेर ढकललं जातं. पाणी मिसळलेलं तेल दुधाळ दिसतं. तसं दिसलं तर स्वच्छ तेल येईपर्यंत भरा आणि वरचं सील बदलायची वेळ आली असं समजा. गाडी बाहेर सर्व्हिसिंगला देणार असाल तर निपल काढून प्लग परत लावून ठेवा. निपल नसला की ग्रीसगन तिथे लागतच नाही.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, बुशचे बोल्ट वजनावर आवळून झाल्यावर आणि दोनेकशे किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर करा. अलाइनमेंटवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये हेराल्ड नसते, त्यामुळे पुस्तकातले टो-इन (चाकांची तोंडं आत किती वळलेली), कॅम्बर (चाकांचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टरचे आकडे कागदावर लिहून बरोबर न्या. तिथून परत आल्यावर सगळे बोल्ट, गाडी चाकांवर असतानाच, टॉर्क रेंचने एकदा परत तपासून घ्या.